देव हवा आहे, हजेरी नको

पत्र लिहिणाऱ्या भगिनी ४६ वर्षांच्या असून पुण्याजवळच्या एका शाळेत शिकवतात. माहेर नगर जिल्ह्यातले. आजोबा खेडोपाडी फिरून सेवा केलेले ख्रिस्ती पाळक. लग्नानंतर सासरच्या चर्चमंडळीत त्यांनी सोळा वर्षे शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेतली आणि त्यांतली नऊ वर्षे महिला मंडळाचे सेक्रेटरीपदही सांभाळले. नाताळचा कार्यक्रम, हंगामाचा सण, पाहुण्या वक्त्यांचे जेवण, उपासनेनंतरचा चहा, यांपैकी काहीही त्यांच्याशिवाय होत नाही. २०२० साली चर्चची दारे बंद झाली, तेव्हा त्या पहाटे इमारतीच्या गच्चीवर जाऊन एकट्याच प्रार्थना करू लागल्या. "आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना करताना मी घड्याळ पाहिले नाही," असे त्या लिहितात. पुढे दारे उघडली, कामे पुन्हा गळ्यात आली, आणि आता उपासनेत बसल्यावर त्यांना देव आठवत नाही, कपांची संख्या आठवते. गेल्या वर्षी त्या सलग तीन रविवार गेल्या नाहीत. (तिसऱ्या आठवड्यात मुलगा सायकलवरून पडला आणि त्याचे मनगट मोडले. सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या घराकडे पाठ फिरवली की असेच होते." पुढच्या रविवारी त्या मुकाट्याने गेल्या.) मुंबईची मावसबहीण एका स्वतंत्र संगतीत जाते, ख्रिस्ती असणे हा धर्म नव्हे, ते नाते आहे, बाकी सगळे माणसांनी लादलेले आहे, असे तिचे म्हणणे. पंधरा वर्षांचा मुलगा दृढीकरणाच्या, म्हणजे विश्वासाची वचने स्वतःच्या तोंडाने देण्याच्या विधीच्या, वर्गाला बसायचे की नाही या विचारात आहे आणि आईला विचारतो, "तुलाच जावेसे वाटत नाही, तर मी का जाऊ?" भगिनींचा प्रश्न एका ओळीचा आहे: धार्मिक कर्तव्य सोडून देवाशी असलेले वैयक्तिक नाते निवडले, तर माझे चुकेल का?

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. तुमच्या पाच पानी पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तुम्ही कंसात लिहिला आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. मुलाचे मनगट तुम्ही तीन रविवार न गेल्यामुळे मोडले नाही. ते सायकलवरून पडल्यामुळे मोडले. हे तुम्हाला शिक्षिका म्हणून ठाऊक आहे आणि विश्वासणारी म्हणूनही ठाऊक असायला हवे, कारण हा प्रश्न प्रभू येशूसमोर दोनदा तरी आला होता. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे त्यानेच लोकांना विचारले आणि स्वतःच "नाही" म्हणून उत्तर दिले. जन्मांधाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असा हिशेब मांडला, तेव्हाही त्याने तो हिशेबच नाकारला. तरीही दोन हजार वर्षांनंतर आपण चर्चमधली गैरहजेरी आणि हातावरचे प्लॅस्टर यांची बेरीज करतो. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांना तेच शिकवले गेले असणार, आणि नातवाच्या काळजीपोटी त्या बोलल्या असणार. परंतु पुढच्या रविवारी तुम्ही गेलात त्या भक्तीने गेलात की भीतीने, याचे उत्तर तुम्हीच "मुकाट्याने" या एका शब्दात देऊन ठेवले आहे.

हे आधी सांगण्याचे कारण असे की भीती मनात असेपर्यंत तुम्ही घेतलेला कोणताही निर्णय मोकळा नसेल. मंडळीत राहिलात तर धाकाने राहाल, आणि सोडलीत तर त्या धाकाला न जुमानल्याचे सिद्ध करण्यासाठी सोडाल. मग घरात कोणाला ताप आला की रात्रभर जागून पुन्हा तोच हिशेब मांडाल. तेव्हा माझी पहिली विनंती अशी की निर्णयाची घाई करू नका. आधी गच्चीवरच्या त्या पहाटेच्या प्रार्थनेत ही मनगटाची गोष्ट देवासमोर जशीच्या तशी मांडा, रागासकट मांडा. ज्या नात्याबद्दल तुम्ही इतक्या ओढीने लिहिले आहे, त्या नात्यात एवढे बोलण्याची मुभा असली पाहिजे.

आता मावसबहिणीच्या वाक्याकडे वळू. "धर्म नव्हे, नाते" हे वाक्य आजकाल आपल्या संगतींमध्ये इतक्या वेळा म्हटले जाते की ते पवित्र शास्त्रातले वचनच असावे असे अनेकांना वाटते. ते वचन नाही. "देवाशी वैयक्तिक नाते" हा शब्दप्रयोग पवित्र शास्त्रात कुठेही नाही, आणि तरीही त्यामागची गोष्ट पानोपानी आहे, हेही तितकेच खरे. दावीद राजाने परमेश्वराला "माझा" मेंढपाळ म्हटले. ओठांनी सन्मान आणि अंतःकरण मात्र दूर, अशा भक्तीबद्दल यशया संदेष्ट्याने जे बोल सुनावले ते प्रभू येशूने पुन्हा उच्चारले. शब्बाथ मनुष्यासाठी आहे, मनुष्य शब्बाथासाठी नाही, हे तर त्याने इतक्या स्पष्टपणे सांगितले की त्यावर वेगळ्या भाष्याची गरज नाही. म्हणून तुमच्या बहिणीला मी चूक म्हणणार नाही. तिच्या वाक्यात जे वगळले गेले आहे तेवढेच दाखवीन.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो की प्रार्थना करायची तेव्हा खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. तुमची गच्ची म्हणजे हीच खोली. पण तीनच वचने पुढे तो प्रार्थना कशी करायची ते शिकवतो, आणि तिचा पहिलाच शब्द "हे आमच्या" असा आहे. दार लावून एकट्याने बसलेला माणूसही "माझ्या पित्या" म्हणत नाही. त्या बंद खोलीत शेजारच्या बाकावरची कटकटी म्हातारीही आली, हिशेबावरून वाद घालणारे खजिनदारही आले, आणि तुमच्या सासूबाईही आल्या. हे मला स्वतःला फार उशिरा लक्षात आले. मी पाळकाच्या घरात वाढले आणि लहानपणापासून ती प्रार्थना दिवसातून दोनदा तरी म्हणत आले, तरीही.

तुमच्या पत्रात "कर्तव्य" हा शब्द मी मोजला तर अकरा वेळा येतो, आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा आहे. एका ठिकाणी कर्तव्य म्हणजे चहा. एका ठिकाणी वार्षिक अहवाल. एका ठिकाणी दशांश, म्हणजे मिळकतीचा देवाला द्यायचा दहावा हिस्सा. एका ठिकाणी प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीला, जाणे, आणि शेवटच्या पानावर अंथरुणाला खिळलेल्या एका वयस्कर भगिनीला दर पंधरवड्याला भेटायला जाणे. या सगळ्यांची एकच मोळी बांधून तुम्ही ती डोक्यावर घेतली आहे, आणि आता ती टाकायची तर सगळीच टाकायची असे तुम्हाला वाटते. मोळी आधी खाली ठेवून सोडा. चहा हे देवाने सांगितलेले कर्तव्य नाही. नऊ वर्षे एकाच बाईने सेक्रेटरी राहावे असे कोणत्याही मंडळीच्या घटनेत मी वाचलेले नाही. उलट बहुतेक ठिकाणी पदांची मुदत ठरलेली असते आणि ती पाळली जात नाही, कारण कामसू माणूस सापडला की बाकीचे निवांत होतात. मी स्वतः एका मंडळीत सात वर्षे हे भोगले आहे आणि शेवटी राजीनामा दिला, तेव्हा पहिला प्रश्न "तब्येत बरी आहे ना?" असा नव्हता, "मग ईस्टरचे कोण बघणार?" असा होता. त्या प्रश्नाचा मला अनेक वर्षे राग होता. तो राग देवावर नव्हता, हे कळायला मात्र वेळ लागला. तुमचाही बराचसा शीण देवाच्या सेवेचा नसून संस्थेच्या कामाचा आहे, असे मला वाटते, आणि संस्थेचे काम सोडण्यासाठी धर्माशी काडीमोड घेण्याची गरज नसते. एक पत्र पुरते.

तुम्ही स्वतःला मार्था म्हणता, म्हणजे प्रभू घरी आला तेव्हा रांधण्यात गुंतलेली बहीण, आणि त्याच्या पायाशी ऐकत बसलेल्या मरीयेचा "चांगला वाटा" आता तुम्हाला हवा आहे. ही गोष्ट आपल्या महिला मंडळांत इतक्या वेळा सांगितली जाते की स्वयंपाकघरातली प्रत्येक बाई स्वतःला अपराधी समजून घरी जाते, आणि मग तीच बाई पुढच्या कार्यक्रमाचा स्वयंपाक करते. ही थोडी क्रूर थट्टाच आहे. लूकने लिहिलेले नीट वाचा: प्रभूने मार्थेच्या रांधण्याला नावे ठेवलेली नाहीत. "तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस," एवढेच तो म्हणाला, आणि तेही तिचे नाव दोनदा घेऊन, आई घेते तसे. शिवाय गोष्ट तिथे संपत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ गेल्याच्या दुःखात "आपणच ख्रिस्त, देवाचे पुत्र आहात" अशी कबुली देणारी मार्थाच आहे, आणि बाराव्या अध्यायात बेथानीत पुन्हा पंगत बसते, तेव्हा शास्त्र म्हणते की मार्था वाढत होती. या खेपेला तिची तक्रार नाही, बहिणीकडे बोट नाही. तिचे काम तेच राहिले आणि दगदग मात्र गेली. मधल्या काळात तिच्यात काय बदलले ते शास्त्र सांगत नाही, पण अकराव्या अध्यायातले ते संभाषण वाचून अंदाज येतो: ती प्रभूशी भांडली होती. "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता," असे त्याच्या तोंडावर म्हणाली होती.

आपल्याच मातीतले एक उदाहरण याहून स्पष्ट आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. ज्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने त्या तिथे राहत होत्या, तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि त्यात मंडळीची शिकवण निमूटपणे स्वीकारण्याच्या अपेक्षेशी त्यांनी उघड वाद घातला. मोठ्या कष्टाने आपण स्वदेशातल्या पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढले आहे, तेव्हा लगेच तसलेच दुसरे जू मानेवर घ्यायला आपण तयार नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. पुढे १९०७ साली दिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ताचा धर्म होता, पण नुसता धर्म पुरत नव्हता. आपल्याला ख्रिस्त हवा होता, आणि तो सुमारे आठ वर्षांनी गवसला. तुमची मावसबहीण इथपर्यंत टाळ्या वाजवील. पण तो गवसल्यावर रमाबाईंनी काय केले? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावला अशा निराधार मुलींसाठी मुक्ती ही संस्था उभी राहिली. आणि १९२२ साली डोळे मिटेपर्यंत त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करत होत्या. त्यांनी जू टाकले, नांगर टाकला नाही. हे मी तुमच्या थकलेल्या खांद्यावर आणखी ओझे ठेवण्यासाठी सांगत नाही. एवढेच सांगते की खरे नाते सापडल्यावर कर्तव्य नाहीसे झाले असे निदान रमाबाईंच्या बाबतीत दिसत नाही. कोणाचे कर्तव्य आणि कोणासाठी, हे मात्र त्यांनी स्वतः ठरवले.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीतक दडलेले आहे, आणि त्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. गच्चीवर देव जवळ वाटतो, चर्चमध्ये वाटत नाही, म्हणून देव गच्चीवर आहे, असा तुमचा तर्क आहे. गच्चीवरचा अनुभव खोटा नाही. पण तो अनुभव २०२० सालचा आहे, आणि तुम्हीच ओझरते लिहिले आहे की गेल्या पावसाळ्यापासून "तिथेही पूर्वीसारखे वाटत नाही". भगिनी, तो दिवस प्रत्येकाच्या आयुष्यात येतो. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की ज्यांच्या चेहऱ्यावरच्या हास्याकडे पाहून लोक देवावर विश्वास ठेवत होते, त्यांना स्वतःला कित्येक दशके देवाची जवळीक जाणवतच नव्हती. त्यांचे नाते तुटले होते का? ज्याला केवळ भावनाच नाते वाटते, त्याला "हो" म्हणावे लागेल.

हाच वाद एकदा लंडनमध्ये फार टोकाला गेला होता. पुढे मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता ठरलेला इंग्लिश पाळक जॉन वेस्ली हा कर्तव्यदक्षतेचा पुतळा होता: उपवास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी, जॉर्जियापर्यंत केलेली मिशन यात्रा, आणि हे सर्व करूनही मन कोरडे. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत ख्रिस्ताने आपल्याच पापांची क्षमा केली आहे अशी खातरी त्याला झाली आणि त्याचे हृदय उबदार झाले. ही साक्ष प्रसिद्ध आहे. कमी प्रसिद्ध आहे ते असे की अवघ्या सात-आठ महिन्यांत, जानेवारी १७३९ मध्ये, आपण अजून ख्रिस्तीच नाही असे त्याने आपल्या रोजनिशीत लिहिले. ती ऊब ओसरली होती. त्यानंतर फेटर लेनमधल्या त्याच्याच संगतीत काही जण शिकवू लागले की मनात पूर्ण विश्वास जागा होईपर्यंत माणसाने प्रार्थना करू नये, शास्त्र वाचू नये, प्रभुभोजनाला जाऊ नये, केवळ स्तब्ध बसून वाट पाहावी. कारण भाव नसताना केलेली उपासना म्हणजे कर्मकांड. ऐकायला हे किती प्रामाणिक वाटते! पण जो माणूस स्वतः कर्मकांडात होरपळून निघाला होता, त्या वेस्लीनेच याला विरोध केला. या गोष्टी कृपा मिळवण्याची किंमत नाहीत, कृपा आपल्यापर्यंत येण्याच्या वाटा आहेत, तेव्हा कोरड्या माणसाने तर त्या सोडूच नयेत, असे त्याचे म्हणणे होते. शेवटी जुलै १७४० मध्ये तो मोजक्या लोकांना घेऊन त्या संगतीतून बाहेर पडला.

मी या वादात वेस्लीच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. मराठीत आपल्याजवळ "नेम" हा सुंदर शब्द आहे. नेम सक्तीचा नसतो, तो ज्याचा त्याने धरलेला असतो. आणि तो ज्या दिवशी मन लागत नाही त्या दिवसासाठीच असतो. प्रभू येशूही शब्बाथ दिवशी "आपल्या परिपाठाप्रमाणे" सभास्थानात गेला, असे लूक लिहितो. ती मंडळी काही फार आदर्श नव्हती; त्याच दिवशी तिने त्याला गावाबाहेर काढून कड्यावरून लोटून देण्यासाठी नेले. (आपल्या वार्षिक सभा निदान एवढ्या थराला जात नाहीत.) आणि तरीही पुढच्या दोनच वचनांत तो कफर्णहूमात शब्बाथ दिवशी शिकवताना दिसतो.

मग मंडळी बदलून मावसबहिणीच्या संगतीत जावे का? जाण्यात पाप नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून हाक मारली, १९१७ साली मिशनचे काम सोडले आणि "देवाचा दरबार" मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त असावेत अशी त्यांची कल्पना होती. चाकोरी त्यांनाही सोसवली नाही. पण चाकोरी सोडून ते एकटे बसले नाहीत, दरबारच भरवायला निघाले, आणि आपल्या उपासना संगीतातून आजही आपण त्यांचीच पदे गातो. बहिणीच्या संगतीत महिना-दोन महिने जाऊन पाहा. फक्त एक लक्षात ठेवा: तुमच्यासारखी बाई तिथे गेली, तर सहा महिन्यांत तिथल्या चहाची जबाबदारीही तुमच्याकडेच येईल. जो स्वभाव "नाही" म्हणू शकत नाही, तो मंडळीबरोबर मागे राहत नाही.

एक कठीण गोष्टही बोलली पाहिजे. मार्काच्या सातव्या अध्यायात "कुर्बान" या प्रथेवर प्रभूने कोरडे ओढले आहेत. आईबापांना द्यायची मदत "ती देवाला अर्पण केली आहे" असे म्हणून अडवता येत असे. म्हणजे धर्माच्या नावाने माणसांचे देणे चुकवले जात असे. आपण हे वचन नेहमी कर्मठांविरुद्ध वापरतो. पण "माझे देवाशी थेट नाते आहे" हे वाक्यही तसेच कुर्बान होऊ शकते, कारण त्यापुढे कोणालाच काही मागता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या त्या भगिनीला तुमच्या गच्चीवरच्या प्रार्थनेचा काय उपयोग? तेव्हा कामांची निवड करताना "यात मला देव जवळ वाटतो का" असे विचारू नका. "हे मी थांबवले तर कोणा माणसाचे खरोखर अडेल?" असे विचारा. अहवाल थांबला तर कमिटीची गैरसोय होईल, माणसाचे अडणार नाही. त्या भगिनीचे अडेल. म्हणून सेक्रेटरीपद सोडा, ती भेट सोडू नका. माझ्या मते ती भेट हीच तुमची खरी उपासना आहे, आणि तुम्ही ती कामांच्या यादीत सर्वांत शेवटी लिहिली आहे.

आता करायचे काय, ते थोडक्यात. सेक्रेटरीपदाचा राजीनामा लेखी द्या आणि त्यात तारीख घाला. "शक्यतो लवकर" असे लिहिलेत तर पुढचा नाताळही तुमच्याच माथी येईल. हिशेबाच्या वह्या, चाव्या आणि सभासदांची यादी सोपवण्यासाठी दोन महिने ठेवा, त्यानंतर सल्ला विचारला तर द्या, पण काम परत घेऊ नका. शब्बाथ शाळेचे वर्ष मध्येच तोडू नका, मुलांचा त्यात दोष नाही. वर्ष संपले की थांबा. पाळकांना हे कमिटीकडून कळू देऊ नका, स्वतः जाऊन सांगा, आणि तक्रारींची यादी न देता तुम्ही मला जे लिहिलेत तेच सांगा: की उपासनेत मला देव आठवत नाही. पाळकाच्या मुलीचा अनुभव म्हणून सांगते, हे वाक्य ऐकून बहुतेक पाळकांना धक्का बसत नाही. ते त्यांचेही वाक्य असते. माझे वडील रविवारी रात्री कितीतरी वेळ दिवा न लावता बसून राहत, तेव्हा आम्हाला वाटायचे की ते दमले आहेत.

पुढचे सहा महिने चर्चमध्ये केवळ उपासक म्हणून जा. उपासनेनंतर थांबू नका. एखादा रविवार चुकला तर चुकू द्या, आणि त्या दिवशी घरात काच फुटली तर ती झाडून टाका. प्रभुभोजन मात्र शक्यतो चुकवू नका. तिथे तुम्हाला काही करायचे नसते, हात पुढे करून घ्यायचे असते, आणि सोळा वर्षे केवळ देत आलेल्या बाईला याची सवय करावी लागेल. गच्चीवरची प्रार्थना चालू ठेवा, पण केवळ मनात येईल ते बोलण्याऐवजी रोज पवित्र शास्त्रातले एक स्तोत्र मोठ्याने वाचा, रडगाण्याची स्तोत्रेही वगळू नका. त्यांतली बरीचशी कोरड्या दिवसांची आहेत.

दशांशाबद्दल तुम्ही विचारले आहे. जो संतोषाने देतो तो देवाला प्रिय असतो, असे पौल करिंथकरांना लिहितो, आणि त्याच वचनात तो कुरकुरत किंवा भाग पडते म्हणून देऊ नये असेही बजावतो. ठरलेल्या रकमेचा काही भाग मंडळीला आणि काही भाग त्या आजारी भगिनीच्या औषधपाण्याला दिलात, तर देवाच्या वहीत खोट येईल असे मला वाटत नाही.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र टाळू नका. त्याने तुमचा दुटप्पीपणा बरोबर पकडला आहे आणि तुम्ही रागावलात तर तोही धाकच शिकेल. त्याला खरे सांगा: मला देव हवा आहे, मी कामांनी थकले आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत मीच केली होती. दृढीकरण म्हणजे लहानपणी आईबापांनी त्याच्या वतीने दिलेली वचने त्याने आता स्वतःच्या तोंडाने देणे; ती वचने काय आहेत हे कळल्याशिवाय ती देता येत नाहीत, तशी नाकारताही येत नाहीत. म्हणून वर्गाला बसू दे, आणि वर्गाच्या शेवटी "इतक्यात नको" म्हणाला तर ते मान्य करा. दृढीकरण वर्षभर लांबले तर काही बिघडत नाही, पण सासूबाईंच्या समाधानासाठी दिलेले वचन आयुष्यभर पोकळ वाजते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. वसईकडच्या कॅथलिक वाचकांना वरचा सल्ला जसाच्या तसा लागू पडणार नाही, कारण त्यांच्या मंडळीत रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेला, जाणे हे धर्मनियमानेच बंधनकारक आहे. तरी आजारपण, तान्ह्या मुलाची देखभाल अशा गंभीर कारणांना तिथेही सूट आहे, हे अनेकांना ठाऊक नसते आणि ते उगाच मनात कुढत राहतात. फादरांशी बोलावे. आणि ज्यांचा मंडळीत अपमान झाला आहे, ज्यांना तिथे कोणी त्रास दिला आहे किंवा ज्यांच्या अंगाला हात लावला आहे, त्यांनी माझे नेमाबद्दलचे बोलणे स्वतःला लावून घेऊ नये. त्यांनी आधी तिथून बाहेर पडावे, विश्वासातल्या माणसाला सांगावे आणि गरज असेल तर पोलिसांकडे जावे. "एकत्र मिळणे सोडू नका" हे इब्री लोकांस पत्रातले वचन त्यांच्या तोंडावर कोणी फेकले, तर त्याच्या पुढचे-मागचे शब्दही वाचायला सांगावे. तिथे एकमेकांना प्रीतीसाठी उत्तेजन देण्याची गोष्ट चालली आहे, हजेरीची नाही.

शेवटी सासूबाई. तुम्ही लिहिले आहे की त्या ७८ वर्षांच्या आहेत आणि सासरे गेल्यापासून डावीकडच्या तिसऱ्याच बाकावर बसतात, कारण ते तिथे बसत असत. त्यांच्यासाठी तो बाक म्हणजे तुमची गच्ची आहे. मनगटाबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका, त्या वयात तो जिंकूनही काही मिळणार नाही. मुलाला मात्र स्वतंत्रपणे सांगा की आजीचे म्हणणे बरोबर नव्हते. आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी चहाच्या टेबलाकडे न वळता त्यांच्या शेजारी, त्या तिसऱ्या बाकावर बसा. इतक्या वर्षांत तुम्ही त्यांच्या शेजारी बसून एक तरी गीत शेवटपर्यंत म्हटले आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही.

तुमची,
सदरलेखिका